फाइलचा आयकॉन येतो कुठून आणि आपल्या सॉफ्टवेअरने तो कसा मागावा

एखादे डेस्कटॉप सॉफ्टवेअर फायलींची यादी दाखवते, मग ते बॅकअप घेणारे असो, कार्यालयातील कागदपत्रे सांभाळणारे असो किंवा ईमेलसोबत आलेल्या फायली मांडणारे असो, तेव्हा प्रत्येक नावाच्या डावीकडे एक छोटे चित्र असावे अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. हे चित्र, म्हणजेच आयकॉन, त्याच्या संगणकावर इतर सगळीकडे दिसते तसेच इथेही दिसायला हवे. अनेक प्रोग्रामर यावर झटपट तोडगा काढतात आणि पीडीएफसाठी एक, वर्डसाठी एक, एक्सेलसाठी एक अशी वीस-पंचवीस चित्रे सॉफ्टवेअरसोबतच देऊन टाकतात. हा तोडगा फार दिवस पुरत नाही. वापरणाऱ्याने पीडीएफ वाचण्यासाठी दुसरा प्रोग्राम निवडला की संगणकावरील सगळे पीडीएफ नवे रूप घेतात आणि फक्त आपल्या सॉफ्टवेअरमधले जुन्याच रूपात राहतात. शिवाय वास्तुविशारदाची रेखाचित्रे, लेखापालाची टॅलीची फाइल, छायाचित्रकाराची कच्ची छायाचित्रे अशा शेकडो प्रकारांची चित्रे आधीच गोळा करून ठेवणे कोणालाही शक्य नाही. म्हणून आयकॉन ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मागून घ्यावा, हा योग्य मार्ग आहे. मात्र मागायचे कसे, हे नीट समजून घेतले नाही तर त्यातून मंदपणा, गळकी मेमरी आणि चुकीची चित्रे असे तिन्ही त्रास मागे लागतात.

मुळात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की बहुतेक फायलींमध्ये त्यांचा आयकॉन नसतोच. ‘अहवाल.पीडीएफ’ ही फाइल शेवटच्या बाइटपर्यंत तपासली तरी विंडोजच्या फायली दाखवणाऱ्या एक्सप्लोररमध्ये तिच्याशेजारी दिसणारे चित्र तिच्या आत सापडणार नाही. ते चित्र दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामच्या पोटात असते, आणि कोणत्या प्रकाराच्या फाइलला कोणते चित्र द्यायचे याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःकडे ठेवते.

विंडोजवर ही नोंद कशी असते, ते विंडोज १०मधल्या साध्या टेक्स्ट फाइलवरून पाहू. रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवते त्या नोंदवहीच्या, ‘एचकी क्लासेस रूट’ या शाखेत ‘.टीएक्सटी’ या एक्स्टेन्शनची एक नोंद असते आणि तिचे मूळ मूल्य ‘टीएक्सटीफाइल’ असे असते; हे त्या प्रकाराचे अंतर्गत नाव झाले. त्याच शाखेत या ‘टीएक्सटीफाइल’ची वेगळी नोंद असते, तिच्याखाली ‘डीफॉल्टआयकॉन’ ही उपनोंद असते आणि तिथे एका फाइलचा पत्ता, मग स्वल्पविराम आणि मग एक आकडा लिहिलेला आढळतो. पत्ता असतो ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधील ‘इमेजरेस.डीएलएल’चा (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी कोड व चित्रांची फाइल) आणि आकडा असतो उणे १०२. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर तो त्या डीएलएलमधील रिसोर्सचा, म्हणजे आत ठेवलेल्या चित्राचा, ओळखक्रमांक समजायचा, आणि चिन्ह नसेल तर तो शून्यापासून मोजलेला अनुक्रमांक समजायचा. म्हणजे नोटपॅडने उघडणाऱ्या त्या फाइलचे चित्र फाइलमध्येही नाही आणि नोटपॅडमध्येही नाही. ते विंडोजच्या चित्रांच्या एका सामाईक साठ्यात आहे.

ही साखळी पाहिल्यावर रजिस्ट्री आपणच वाचावी असा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण साखळी नेहमी इतकी सरळ नसते. वापरणाऱ्याने ‘यापुढे याच प्रोग्रामने उघडा’ असे सांगितले की त्याची निवड ‘यूजरचॉइस’ नावाच्या वेगळ्या नोंदीत, त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शाखेत जाते. जो केवळ ‘क्लासेस रूट’ वाचतो त्याला जुन्याच प्रोग्रामचे चित्र मिळते. काही प्रकारांच्या ‘डीफॉल्टआयकॉन’मध्ये पत्त्याऐवजी ‘%१’ अशी खूण असते आणि तिचा अर्थ ‘चित्र त्या फाइलमध्येच शोधा’ असा होतो. एक्झी, म्हणजे खुद्द प्रोग्रामच्या, फायलींचे असेच असते. आणखी काही प्रकारांसाठी कोणताही पत्ता पुरत नाही, तर ‘आयकॉन हँडलर’ नावाचा कोडचा तुकडाच नोंदवलेला असतो आणि तो प्रत्येक फाइल पाहून चित्र ठरवतो. शॉर्टकटचे आयकॉन याच मार्गाने येतात. हे सारे नियम विंडोजच्या शेलला, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणाऱ्या भागाला, ठाऊक असतात, त्यामुळे ते पुन्हा लिहून काढण्यापेक्षा शेललाच विचारणे शहाणपणाचे आहे.

आता विचारायचे काय, हा खरा मुद्दा येतो. प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. ‘या प्रकाराच्या फाइलचा आयकॉन कोणता?’ हा पहिला, आणि ‘या विशिष्ट फाइलचा आयकॉन कोणता?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी डिस्कला हात लावण्याची गरज नसते, ते उत्तर एकदा मिळाले की त्या प्रकाराच्या सगळ्या फायलींना चालते आणि फाइल अस्तित्वात नसली तरी मिळते. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र फाइल खरोखर शोधावी लागते, कदाचित उघडावी लागते, आणि ती नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर असेल तर त्या संगणकाच्या उत्तराची वाट पाहावी लागते. माझ्या मते आयकॉनच्या बाबतीत ज्या अडचणींची चर्चा वारंवार होते, त्यांतील बऱ्याचशा केवळ पहिला प्रश्न पुरेसा असताना दुसरा विचारल्यामुळे उद्भवतात.

विंडोजमध्ये हे दोन्ही प्रश्न ‘एसएचगेटफाइलइन्फो’ या एकाच फंक्शनने विचारता येतात आणि गोंधळाचे मूळही तिथेच आहे. या फंक्शनला फाइलचा पत्ता, फाइलची लक्षणे (ॲट्रिब्यूट्स), उत्तर भरून घेण्यासाठी एक स्ट्रक्चर आणि काही फ्लॅग, म्हणजे कसे वागायचे हे सांगणाऱ्या खुणा, द्यावे लागतात. फ्लॅगमध्ये ‘यूजफाइलॲट्रिब्यूट्स’ नसेल, तर ते फंक्शन दिलेली फाइल खरोखर शोधायला निघते आणि ती सापडली नाही तर रिकाम्या हाताने परतते. तो फ्लॅग असेल, तर ते दिलेल्या नावाचे एक्स्टेन्शन आणि दिलेली लक्षणे एवढ्यावरच विसंबते, त्यामुळे ‘क्ष.पीडीएफ’ असे कोणतेही काल्पनिक नाव चालते. झिप फाइलच्या आतील यादी, दूरच्या सर्व्हरवरील यादी, अजून उतरवून न घेतलेली ईमेलची जोडपत्रे अशा सर्व ठिकाणी हाच मार्ग आहे. एक बारकावा इथे सांभाळावा लागतो: फोल्डरचा आयकॉन हवा असेल तर लक्षणांमध्ये ‘डिरेक्टरी’ असे स्पष्ट सांगावे लागते, कारण प्रत्यक्ष डिस्क न पाहता ‘२०२४’ हे नाव फोल्डरचे आहे की एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलचे, हे फंक्शनला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साठवून ठेवता येते, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. दहा हजार फायलींच्या यादीतसुद्धा प्रकार सहसा मोजकेच असतात, तेव्हा एक्स्टेन्शन लहान अक्षरांत करून घेऊन त्याच्या नावाने आयकॉन साठवावा आणि पुढच्या वेळी साठ्यातूनच द्यावा. एक्झी, आयको, कर्सरच्या फायली आणि शॉर्टकट यांना मात्र या साठ्यातून वगळावे लागते, कारण त्यांच्यात प्रत्येक फाइलचा आयकॉन वेगळा असू शकतो. फोल्डरही काही वेळा असेच असतात. त्यांच्या आत लपवलेली ‘डेस्कटॉप.आयएनआय’ ही फाइल त्यांना निराळे चित्र देऊ शकते.

मराठी नावांच्या फायलींबाबत एक अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. विंडोजच्या या फंक्शनची दोन रूपे आहेत: नावाच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असलेले युनिकोड रूप आणि ‘ए’ असलेले जुने रूप. सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतून हे फंक्शन बोलावताना अक्षरसंच कोणता हे स्पष्ट लिहिले नाही, तर भाषेच्या नियमाप्रमाणे जुने रूप धरले जाते. जुन्या रूपाच्या नेहमीच्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, देवनागरी अक्षरांना जागाच नाही, त्यामुळे ‘अर्ज.पीडीएफ’ हे नाव ‘????.पीडीएफ’ होऊन पोहोचते, अशी फाइल अर्थातच सापडत नाही आणि त्या ओळीपुढे रिकामी जागा राहते. शेजारच्या इंग्रजी नावाच्या फाइलला आयकॉन नीट दिसत असल्यामुळे दोष कुठे आहे हे चटकन उमगत नाही. गंमत म्हणजे ‘यूजफाइलॲट्रिब्यूट्स’ वापरला असेल तर हा दोष दडून राहतो, कारण तिथे फक्त एक्स्टेन्शन पाहिले जाते. उपाय सोपा आहे: फंक्शनच्या घोषणेत आणि उत्तराच्या स्ट्रक्चरमध्येही अक्षरसंच युनिकोड असल्याचे लिहावे. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी लिहिले, तर स्ट्रक्चरमधील प्रकाराचे नाव विस्कटते, म्हणून दोन्ही ठिकाणी सारखे असणे आवश्यक आहे. मराठी कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्याने आपल्या चाचणीच्या फोल्डरमध्ये देवनागरी नावाची एखादी फाइल ठेवलीच पाहिजे.

आकाराचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण सॉफ्टवेअर नीटनेटके दिसते की गबाळे, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. ‘एसएचगेटफाइलइन्फो’ साधारणपणे १६ आणि ३२ पिक्सेलचे आयकॉन देते. आजच्या लॅपटॉपवर पडद्याचे प्रमाण १५० टक्के ठेवलेले असणे नेहमीचेच आहे आणि तिथे १६ पिक्सेलच्या जागी २४ पिक्सेलचे चित्र लागते. १६चेच ताणून २४ केले तर कडा धुरकट होतात. मोठ्या चित्रांसाठी ‘एसएचगेटइमेजलिस्ट’ हे फंक्शन ४८ पिक्सेलची आणि विंडोज व्हिस्टापासून २५६ पिक्सेलची यादी देते. आयको फाइलच्या रचनेत चित्राच्या रुंदीसाठी एकच बाइट राखलेला आहे आणि त्यात २५५च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून २५६ ही रुंदी तिथे शून्य अशी लिहितात. स्वतः आयको फाइल वाचणाऱ्या अनेकांचा हिशेब इथेच चुकतो.

२५६ पिक्सेलच्या यादीत आणखी एक खोड आहे. एखाद्या जुन्या प्रोग्रामकडे तेवढे मोठे चित्रच नसेल, तर २५६च्या मोकळ्या चौकटीत वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटे चित्र ठेवून दिलेले मिळते आणि बाकीची चौकट पारदर्शक असते. ते तसेच लहान करून दाखवले तर आयकॉन ठिपक्याएवढा होतो. यापेक्षा ‘आयशेलआयटमइमेजफॅक्टरी’ हा व्हिस्टापासूनचा इंटरफेस वापरणे मला अधिक पसंत आहे, कारण त्याला हवा तो आकार सांगता येतो आणि छायाचित्राच्या बाबतीत लघुचित्र हवे की प्रकाराचा आयकॉन, हेही ठरवता येते. त्याच्याकडून मिळणाऱ्या बिटमॅपमध्ये पारदर्शकतेचे मूल्य रंगांमध्ये आधीच गुणलेले असते. डॉटनेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत) तो बिटमॅप नेहमीच्या पद्धतीने रूपांतरित केला तर पारदर्शकता निघून जाते आणि आयकॉनमागे काळा चौकोन उमटतो. असा काळा चौकोन दिसला तर दोष शेलचा नसून रूपांतराचा आहे, असे समजून तिथेच पाहावे.

मेमरीकडे वळू. फंक्शनने आयकॉनचे हँडल, म्हणजे मेमरीतील आयकॉनची ओळखखूण, दिले की ते परत करण्याची जबाबदारी आपली असते आणि त्यासाठी ‘डिस्ट्रॉयआयकॉन’ बोलवावे लागते. विंडोजमध्ये एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, अशा यूजर वस्तू (खिडक्या, मेन्यू, आयकॉन) १०,०००पर्यंत आणि जीडीआय वस्तूही (बिटमॅप आणि रंगकामाची साधने) तितक्याच ठेवता येतात, ही नेहमीची मर्यादा आहे. प्रत्येक ओळीसाठी नवा आयकॉन मागणारे आणि एकही परत न करणारे सॉफ्टवेअर सकाळी उत्तम चालते आणि दुपारनंतर त्याची बटणे अर्धवट रंगू लागतात, मेन्यू उघडत नाहीत, नव्या खिडक्या तयार होत नाहीत. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या तपशिलांच्या पानावर ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हे रकाने उघडून ठेवावेत आणि आपली यादी वर-खाली सरकवावी. आकडा चढतच गेला आणि उतरला नाही, तर गळती तिथेच आहे. डॉटनेटमध्ये ‘फ्रॉमहँडल’ने तयार केलेली आयकॉनची वस्तू त्या हँडलची मालकी स्वतःकडे घेत नाही, त्यामुळे तिची विल्हेवाट लावली तरी मूळ हँडल शिल्लकच राहते. आधी प्रत करून घ्यावी आणि मग मूळ हँडल स्वतः नष्ट करावे. याच्या नेमके उलट म्हणजे सिस्टिमच्या सामाईक चित्रयादीचे हँडल कधीही नष्ट करायचे नाही, कारण ती यादी आपल्या मालकीची नसते.

दुसरा प्रश्न, म्हणजे विशिष्ट फाइलचा आयकॉन, विचारायचाच असेल तर तो पडदा रंगवणाऱ्या मुख्य थ्रेडवरून, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या मुख्य धाग्यावरून, विचारू नये. नेटवर्कवरील बंद पडलेल्या संगणकावर फाइल असेल तर उत्तर यायला बराच वेळ जाऊ शकतो आणि तोपर्यंत संपूर्ण खिडकी गोठून राहते. आधी प्रकारावरून मिळालेला आयकॉन लगेच दाखवावा, मागच्या थ्रेडवर खरा आयकॉन मागवावा आणि तो आल्यावर बदलावा. एक्सप्लोररही साधारण असेच वागतो. मागच्या थ्रेडवर शेलला काही विचारण्यापूर्वी तिथे ‘कॉम’ ही विंडोजची घटक जोडणारी यंत्रणा सुरू करून घ्यावी लागते, ही पायरी हमखास विसरली जाते.

या प्रश्नाला सुरक्षेचीही एक बाजू आहे. आयकॉन हँडलर म्हणजे कोणीतरी तिसऱ्याने लिहिलेला कोड असतो आणि आपण आयकॉन मागितला की तो आपल्याच प्रोसेसमध्ये येऊन चालतो. त्यात दोष असेल तर कोसळते ते आपले सॉफ्टवेअर. आपला प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर ६४ बिटचे हँडलर त्यात येऊच शकत नाहीत आणि मग एक्सप्लोररमध्ये दिसणारा आयकॉन आपल्याकडे वेगळा दिसतो, याचेही कारण हेच. आयकॉन दाखवण्यासाठी कोड चालवणे किती महागात पडू शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१०चे आहे. त्या वर्षी जूनमध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस यूएसबी ड्राइव्हवरील शॉर्टकटमधून पसरत होता. कंट्रोल पॅनेलच्या धर्तीवर बनवलेल्या त्या शॉर्टकटचा आयकॉन शोधण्यासाठी विंडोज त्यात सांगितलेली डीएलएल लोड करत असे, त्यामुळे फाइल उघडण्याची गरजच उरत नव्हती. एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर नुसता दिसला तरी काम होत होते. इराणखालोखाल ज्या देशांतील संगणकांना त्याची लागण झाली त्यांत भारतही होता. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी ही फट बुजवली. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फायलींची यादी दाखवताना प्रकारावरूनच आयकॉन काढावा, असे मी आग्रहाने म्हणतो, त्यामागे हे कारण आहे. त्याचा आणखी एक लाभ होतो: ‘पावती.पीडीएफ.एक्झी’ असे नाव आणि पीडीएफचे चित्र घेऊन आलेली फाइल आपल्या यादीत साध्या प्रोग्रामच्या आयकॉननेच दिसते आणि तिचे सोंग चालत नाही.

फायलींकडून ॲप्लिकेशनकडे आलो की प्रकार हा प्रश्नच उरत नाही, कारण प्रत्येक प्रोग्राम आपले चित्र स्वतः घेऊन येतो. एक्झीच्या रिसोर्समध्ये आयकॉनचे गट असतात, प्रत्येक गटात एकाच चित्राचे निरनिराळे आकार असतात आणि एक्सप्लोरर सहसा पहिला गट दाखवतो. ‘एक्स्ट्रॅक्टआयकॉनएक्स’ने ते बाहेर काढता येतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या ॲप्सना मात्र हे लागू पडत नाही. त्यांची चित्रे पीएनजी फायलींच्या रूपात असतात आणि त्यांची नावे पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांच्या एक्झीतून आयकॉन काढू गेल्यास बऱ्याचदा कोरे, सर्वसाधारण चित्र हाती येते. ‘शेल:ॲप्सफोल्डर’ या आभासी फोल्डरमध्ये जुनी आणि नवी दोन्ही प्रकारची ॲप्स एकत्र सापडतात आणि तिथल्या वस्तूंवर वर सांगितलेली इमेजफॅक्टरी चालवली की दोघांचेही आयकॉन एकाच रीतीने मिळतात.

मॅकवर हे काम बरेच सुटसुटीत आहे, कारण तिथे दोन प्रश्नांसाठी दोन वेगळ्या मेथड आहेत. ‘एनएसवर्कस्पेस’ला फाइलचा पत्ता दिला तर त्या फाइलचा आयकॉन मिळतो, आणि मॅकओएस ११पासून ‘यूटीटाइप’ दिला तर त्या प्रकाराचा. मिळालेल्या प्रतिमेचा सांगितलेला आकार ३२ असला तरी तिच्या आत मोठी रूपेही असतात. हवा तो आकार ठरवून रंगवले की चित्र स्पष्ट उमटते.

लिनक्सवर विचारसरणीच वेगळी आहे. तिथे सिस्टिमकडून आधी चित्र येत नाही, चित्राचे नाव येते. फाइलच्या नावावरून आणि गरज पडल्यास तिच्या मजकुरावरून तिचा माइम प्रकार, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणारे प्रमाणित नाव, ठरतो. ‘टेक्स्ट/प्लेन’ या प्रकारातील तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ घातली की ‘टेक्स्ट-प्लेन’ हे आयकॉनचे नाव तयार होते. मग वापरणाऱ्याने निवडलेल्या थीममध्ये, म्हणजे अद्वैता, ब्रीझ किंवा आणखी कोणत्या, त्या नावाचे चित्र शोधले जाते. ते नसेल तर थीमच्या मूळ थीममध्ये आणि शेवटी ‘हायकलर’ या सर्वांच्या आधाराच्या थीममध्ये शोध होतो. तरीही नसेल तर ‘टेक्स्ट-एक्स-जेनेरिक’ असे त्या कुळाचे सर्वसाधारण नाव वापरतात. ॲप्लिकेशनचा आयकॉन त्याच्या ‘.डेस्कटॉप’ फाइलमधील ‘आयकॉन’ या ओळीत असतो आणि तिथेही बहुधा नावच असते, क्वचित पूर्ण पत्ता. हे नियम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवलेले आहेत, त्यामुळे डेस्कटॉप गनोम असो वा केडीई, पद्धत तीच राहते. मला ही रचना मनापासून आवडते, कारण चित्र बदलण्याचा अधिकार तिथे वापरणाऱ्याकडे राहतो.

तिन्ही ठिकाणी चालणारे सॉफ्टवेअर करायचे असेल तर क्यूटी या प्रोग्रामिंग संचाचा ‘क्यूफाइलआयकॉनप्रोव्हायडर’ किंवा जावाचा ‘फाइलसिस्टिमव्ह्यू’ हाताशी असतात. जावा १७पासून त्यात हवा तो आकार सांगण्याची सोयही झाली आहे. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये ‘ॲप.गेटफाइलआयकॉन’ आहे, पण त्याचा ‘लार्ज’ हा आकार लिनक्सवर ४८ पिक्सेल, विंडोजवर ३२ पिक्सेल आणि मॅकवर उपलब्धच नाही, त्यामुळे मोठी चित्रे दाखवायची असतील तर प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कोड लिहिण्याची तयारी ठेवावी.

साठवलेले आयकॉन जुने कधी होतात, याची सोयही लावावी लागते. वापरणाऱ्याने मधेच प्रोग्राम बदलला तर विंडोज तशी सूचना प्रसृत करते. ‘एसएचचेंजनोटिफायरजिस्टर’ने नाव नोंदवून ठेवले की ‘असोकचेंज्ड’ ही घटना आपल्यापर्यंत येते आणि त्या क्षणी साठा रिकामा करून दिसणाऱ्या ओळी पुन्हा रंगवता येतात. लिनक्सवर खिडक्या-बटणे रंगवणाऱ्या जीटीकेमध्ये थीम बदलल्यावर आयकॉन थीमच्या वस्तूकडून ‘चेंज्ड’ हा सिग्नल मिळतो, आणि तिथेही तेवढेच करावे लागते.